टी. नगरची बाजारपेठ

मोठ्या शहरात गेल्यावर तेथील बाजार पाहून यावा, अशी इच्छा बहुतेकांना होते. काही विकत घ्यायचे असतेच असे नाही. पुण्याला आलेला पाहुणा लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबाग पाहिल्याशिवाय परतत नाही. मुंबईत दादर किंवा मंगळदास मार्केट, नागपुरात सीताबर्डी ही ठिकाणे अशीच आहेत. चेन्नई शहरात हा मान टी. नगरचा आहे. तमिळनाडूत घरात लग्न ठरले, की वधूचा शालू, वराचे रेशमी धोतर, मंगळसूत्राचे सोने आणि आहेराची भांडी घेण्यासाठी अनेक कुटुंबे दूरच्या गावांहूनही येथे येतात. या पाठात आपण या बाजारपेठेतून एक फेरफटका मारणार आहोत. तेथील रस्ते आणि दुकाने आपण पाहूच. पण दुकानात शिरल्यावर आपली नजर साड्यांवर जाते आणि साडी उलगडून दाखवणाऱ्या व्यक्तीकडे जात नाही. या फेरफटक्यात तिच्याकडेही पाहायचे आहे.

प्रथम नावाविषयी. टी. नगर हे 'त्यागराय नगर' या नावाचे संक्षिप्त रूप आहे. हे नाव ऐकून कर्नाटक संगीतातील थोर रचनाकार त्यागराज आठवणे स्वाभाविक आहे; परंतु या वसाहतीचा त्यांच्याशी संबंध नाही. तिला सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव दिलेले आहे. त्यांचा जन्म १८५२ चा. ते विणकर समाजातील होते व हातमागाच्या धंद्याशी त्यांचा निकटचा संबंध होता. ब्राह्मणेतर समाजांना शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा, या मागणीसाठी १९१६ मध्ये मद्रास येथे जी संघटना उभी राहिली आणि पुढे 'जस्टिस पार्टी' या नावाने ओळखली गेली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक होते. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांचे कार्य ज्या काळात चालू होते, तोच हा काळ. १९२० च्या निवडणुकीनंतर मद्रास प्रांताचे मुख्यमंत्रिपद त्यागराय चेट्टी यांच्याकडे चालून आले होते. ते त्यांनी स्वीकारले नाही. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले. आज देशातील रेशमी साड्यांच्या सर्वांत गजबजलेल्या बाजारांपैकी एक बाजार एका विणकराच्या नावाने ओळखला जातो. हा योगायोगच खरा, पण सुखद योगायोग आहे.

ज्या जमिनीवर हा बाजार उभा आहे, ती जमीन शंभर वर्षांपूर्वी पाण्याखाली होती. मद्रास शहराच्या पश्चिम सीमेवर नुंगंबाक्कमपासून सैदापेटच्या दिशेने कित्येक किलोमीटर लांबीचा एक तलाव पसरलेला होता. इंग्रज त्याला 'लाँग टँक', म्हणजे लांब तलाव, असेच म्हणत. शहराची वस्ती वाढू लागली, घरांसाठी जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १९२० च्या नगररचना कायद्याचा आधार घेऊन या तलावाचे पाणी काढण्यात आले आणि १९२३ ते १९२५ च्या सुमारास माम्बलम परिसरात एक आखीव वसाहत वसवण्यात आली. मध्यभागी उद्यान, त्याच्यापासून फुटणारे रुंद रस्ते, रस्त्यांच्या कडेला झाडे आणि अंगण असलेली घरे असे तिचे मूळ रूप होते. दुकानांची गर्दी तेथे व्हावी, असे आराखडा करणाऱ्यांच्या मनात नव्हते. तलाव गेला, तरी जमिनीचा उतार बदलत नाही. २०१५ च्या डिसेंबरमध्ये आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या अतिवृष्टीत टी. नगरचे रस्ते पाण्याखाली गेले. पाणी आपल्या जुन्या जागी परत आले, एवढेच म्हणायचे.

वसाहत वसली तेव्हा प्रांतात जस्टिस पार्टीचे सरकार होते. त्यामुळे येथील रस्ते व उद्याने या पक्षाच्या नेत्यांची नावे सांगतात. मध्यवर्ती उद्यान आहे 'पनगल पार्क'. पनगलचे राजे १९२१ ते १९२६ या काळात प्रांताचे मुख्यमंत्री होते. मुख्य रस्ता आहे 'उस्मान रोड'. तो मोहम्मद उस्मान यांच्या नावाचा. नटेशन पार्क हे नटेश मुदलियार यांच्या स्मरणार्थ. 'पाँडी बाजार' हे नाव ऐकून पाँडिचेरीहून येणारा माल डोळ्यांसमोर येतो आणि तशी समजूत रूढही आहे. पण हे नाव सौंदरपांडियन नाडार या नेत्याच्या नावाचा संक्षेप असल्याचे सांगितले जाते, आणि त्या बाजाराला 'सौंदरपांडियनार अंगाडि' असे नावही दिलेले आहे. 'अंगाडि' म्हणजे बाजार. खरेदीच्या घाईत असलेल्या माणसाला या नावांशी कर्तव्य नसते. तरीही एखाद्या गावाचे राजकारण कोणे एके काळी कोणत्या दिशेने वाहत होते, हे त्या गावच्या रस्त्यांच्या पाट्यांवरून कळते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

निवासी वसाहतीचा बाजार झाला तो मुख्यतः रेल्वेमुळे. १९३१ मध्ये मद्रास बीच ते तांबरम या मार्गावर विजेवर चालणाऱ्या उपनगरी गाड्या सुरू झाल्या. माम्बलम हे त्या मार्गावरील स्थानक. स्थानकातून पूर्वेला बाहेर पडले, की समोर एक अरुंद गल्ली लागते. तिचे नाव 'रंगनाथन स्ट्रीट'. ही गल्ली जेथे संपते, तेथे उस्मान रोड सुरू होतो. घरी जाणारा प्रत्येक प्रवासी याच गल्लीतून जाणार, हे ज्यांनी प्रथम ओळखले, त्यांनी तेथे भाजी, फुले, भांडी यांची दुकाने थाटली. घरांच्या ओसऱ्या दुकानांना भाड्याने गेल्या, मग पूर्ण घरे गेली, मग घरांच्या जागी इमारती आल्या.

आता प्रत्यक्ष चालायला सुरुवात करू. रंगनाथन स्ट्रीट रिकामी असेल, तर ती पाच-सात मिनिटांत चालून संपेल. पण ती रिकामी कधी नसतेच. दिवाळी आणि पोंगल या सणांपूर्वीच्या रविवारी येथे माणूस चालत नाही, गर्दीच त्याला पुढे नेते. दोन्ही बाजूंना दुकाने, दुकानांपुढे टोपल्या, टोपल्यांपुढे खांद्यावर माल टाकून उभे असलेले विक्रेते. मोगऱ्याचे गजरे वीतभर मापून विकले जातात. स्टीलच्या डब्यांवर ऊन चमकते. सगळीकडून एकच हाक ऐकू येते : "वांगा, वांगक्का!" मराठी माणसाला क्षणभर ही वांग्यांची जाहिरात वाटावी. तमिळ भाषेत 'वांगा' म्हणजे 'या'. 'अक्का' म्हणजे थोरली बहीण. तो शब्द आपल्या ओळखीचाच आहे. गंमत अशी, की 'विकत घेणे' या अर्थाचे क्रियापदही बोलण्यात असेच ऐकू येते. 'या' आणि 'घ्या' यांत फारसे अंतर न ठेवणारी भाषा बाजाराला किती सोयीची!

गल्ली ओलांडून उस्मान रोडने उत्तरेकडे गेले, की पनगल पार्कच्या आसपास रेशमी साड्यांची व सोन्याची मोठी दुकाने लागतात. येथील जुन्या दुकानांपैकी एक म्हणजे 'नल्ली'. कांचीपुरमच्या नल्ली चिन्नसामी चेट्टी यांनी १९२८ मध्ये, म्हणजे वसाहत अगदी नवी असतानाच, येथे साड्यांची विक्री सुरू केली. कांचीपुरम हे विणकरांचे गाव चेन्नईपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे. तेथे विणायचे आणि येथे विकायचे, हा व्यवहार तेव्हापासून चालू आहे. नंतर तमिळनाडूच्या दक्षिण भागातील व्यापारीही येथे आले. तिरुनेलवेलीचे 'आरएमकेव्ही' आणि श्रीविल्लीपुत्तूरचे 'पोतीस' ही त्यांपैकी ठळक नावे.

कांचीपुरमची साडी इतकी महाग का असते, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर तिच्या विणीत आहे. या साडीचे मधले अंग एका रंगाचे आणि काठ दुसऱ्याच रंगाचे असतात. अस्सल पद्धतीत हे काठ नंतर शिवलेले किंवा रंगवलेले नसतात. ते अंगाबरोबरच मागावर विणले जातात. त्यासाठी एका धोट्याऐवजी तीन धोटे लागतात. धोटा म्हणजे आडवा धागा वाहून नेणारे साधन. एक धोटा डाव्या काठासाठी, एक मधल्या अंगासाठी आणि एक उजव्या काठासाठी. जेथे काठ आणि अंग भेटतात, तेथे दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवावे लागतात. या पद्धतीला तमिळमध्ये 'कोरवै' म्हणतात. हे काम एकट्याने होत नाही. मुख्य विणकराशेजारी दुसरा माणूस बसून एका बाजूचा धोटा फेकतो. पदराचा रंग वेगळा असेल, तर उभ्या धाग्यांचा एक संच संपवून दुसऱ्या रंगाचा संच एकेक धागा जोडत चढवावा लागतो. रेशीम प्रामुख्याने कर्नाटकातून येते, जर सुरतेहून. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची बारीक तार गुंडाळून तिला दिलेला सोन्याचा मुलामा. अशी एक साडी पूर्ण होण्यास नक्षीप्रमाणे दहा-पंधरा दिवसांपासून महिनाभरापर्यंत वेळ लागतो. ज्यांनी येवल्यात पैठणीचा माग पाहिला आहे, त्यांना यातील बरेचसे ओळखीचे वाटेल.

एवढ्या कष्टाच्या वस्तूची नक्कल होणारच. यंत्रमागावर विणलेली, कृत्रिम धाग्याची आणि तांब्याच्या किंवा प्लास्टिकच्या जरीची साडी दुरून पाहिली, तर अस्सल साडीसारखीच दिसते. ती विकण्यात गैर काही नाही. ती अस्सल म्हणून विकणे गैर आहे. म्हणून खरेदी करताना काही गोष्टी पाहाव्यात. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये 'सिल्क मार्क' ही खूण सुरू झाली. कापड शुद्ध रेशमाचे आहे, याची ती ग्वाही असते. कांचीपुरम रेशमाला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळालेली आहे. म्हणजे त्या भागात, ठरलेल्या पद्धतीने तयार झालेल्या कापडालाच ते नाव लावता येते. घरच्या घरी करण्याची जुनी परीक्षा म्हणजे पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा जाळून पाहणे. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो व त्याची राख बोटांनी चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. सोन्याच्या बाबतीत भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क आणि दागिन्यावर कोरलेला सहा अक्षरांकांचा ओळखक्रमांक पाहावा. २०२३ च्या एप्रिलपासून तो सक्तीचा आहे. आणि पावती घ्यावीच. पावतीशिवाय केलेल्या तक्रारीला ग्राहक आयोगापुढे फारसे बळ राहत नाही.

टी. नगरला वर्षातून एकदा आपल्याकडील लोकांना नवल वाटेल अशी एक गर्दी होते. तमिळ पंचांगातील 'आडि' हा महिना साधारणपणे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. या महिन्यात लग्ने करत नाहीत, नवीन कार्ये आरंभत नाहीत. साहजिकच पूर्वी दुकाने ओस पडत. आपल्याकडे पितृपक्षात व्यापाऱ्यांची जी स्थिती होते, तीच. व्यापाऱ्यांनी यावर उपाय काढला : या महिन्यात किंमती उतरवायच्या. 'आडि तळ्ळुपडि' म्हणजे आडि महिन्याची सूट. आता हा अशुभ मानलेला महिना खरेदीचा मोठा हंगाम बनला आहे. श्रद्धा आपल्या जागी राहिली आणि व्यवहाराने शेजारून वाट काढली.

या बाजाराचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते १९७० नंतर. रंगनाथन स्ट्रीटवर १९७० च्या सुमारास दक्षिण तमिळनाडूतून आलेल्या भावांनी 'सरवणा स्टोअर्स' हे लहानसे दुकान सुरू केले. नफा कमी घ्यायचा, विक्री प्रचंड करायची आणि घासाघीस ठेवायची नाही, हे त्यांचे सूत्र होते. ते लोकांना पटले. आधी भांडी, मग कापड, मग धान्यापासून दागिन्यांपर्यंत सारे काही एकाच छपराखाली मिळू लागले. इतरांनीही तोच मार्ग धरला. ज्यांना पूर्वी मोठ्या दुकानाच्या पायरीवर पाऊल टाकायलाही संकोच वाटे, अशी माणसे आता मुलाबाळांसह सात-आठ मजल्यांच्या दुकानात निर्धास्तपणे फिरू लागली. ही गोष्ट लहान नाही. पेहराव पाहून गिऱ्हाइकाची पारख करणारी दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. टी. नगरच्या या मोठ्या दुकानांनी ती पारख बंद केली, याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

परंतु अंगण असलेल्या घरांसाठी आखलेल्या रस्त्यांवर सात-आठ मजले उभे राहिले, तेव्हा त्याची किंमतही मोजावी लागली. अनेक इमारती परवानगीपेक्षा अधिक उंच व अधिक रुंद झाल्या. दोन इमारतींमध्ये अग्निशमन दलाची गाडी जाण्याइतकी जागा उरली नाही. २००८ च्या सप्टेंबरमध्ये रंगनाथन स्ट्रीटवरील एका दुकानाला आग लागून दोघांचा मृत्यू झाला. ३१ ऑक्टोबर २०११ रोजी नियमभंगाच्या कारणावरून येथील अनेक दुकानांना सरकारी यंत्रणेने टाळे ठोकले. जानेवारी २०१२ मध्ये, पोंगलच्या तोंडावर, सर्वोच्च न्यायालयाच्या तात्पुरत्या परवानगीने ती उघडली. ३१ मे २०१७ रोजी उस्मान रोडवरील एका बहुमजली कापडदुकानाला पहाटे लागलेली आग दिवस उलटून गेला तरी धुमसत राहिली आणि ती संपूर्ण इमारत पाडावी लागली. दुकान उघडण्याच्या वेळेपूर्वी ही आग लागली, म्हणून मोठी प्राणहानी टळली. काही तासांनंतर, गर्दीच्या वेळी ती लागली असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

रस्त्यावर बसून विकणाऱ्यांचीही एक कथा आहे. पाँडी बाजारच्या पदपथांवर कानातली, पिना, चपला, पिशव्या विकणाऱ्यांच्या रांगा असत. पादचाऱ्यांना चालायला जागा नाही म्हणून न्यायालयात प्रकरण गेले आणि २०१३ मध्ये या विक्रेत्यांना जवळच बांधलेल्या एका बहुमजली संकुलात हलवण्यात आले. त्यांची तक्रार अशी होती, की कानातल्यांच्या जोडीसाठी कोणी जिने चढून येत नाही. ती खरीच आहे. वाटेत दिसले म्हणून घ्यावे, हाच त्या धंद्याचा पाया असतो. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती असावी आणि तिच्यातील किमान ४० टक्के सभासद स्वतः पथविक्रेते असावेत, अशी तरतूद त्यात आहे. वाचकांपैकी कोणी हातगाडी किंवा पथारी लावत असतील, तर त्यांनी हा कायदा अवश्य माहीत करून घ्यावा. पदपथ मोकळे झाल्यावर पाँडी बाजारचा रस्ता रुंद, बसण्याच्या जागा असलेला पादचारी मार्ग म्हणून नव्याने बांधण्यात आला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तो खुला झाला. पुण्यात २०२१ च्या ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एका दिवसापुरता वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला होता. तेथे पायी चालण्याचे जे सुख मिळाले, ते येथे रोज मिळावे अशी ही योजना. पुढे मे २०२३ मध्ये माम्बलम स्थानकापासून टी. नगरच्या बस स्थानकापर्यंत सुमारे ५७० मीटर लांबीचा स्कायवॉक सुरू झाला. त्यामुळे घाईच्या प्रवाशाला रंगनाथन स्ट्रीटची गर्दी टाळून वरून जाता येते.

आता दुकानाच्या आत जाऊ आणि आरंभी म्हटल्याप्रमाणे साडी दाखवणाऱ्या व्यक्तीकडे पाहू. ती बहुधा अठरा ते पंचवीस वयाची मुलगी किंवा मुलगा असते. अंगावर दुकानाचा गणवेश असतो. घर बहुधा तिरुनेलवेली, तूतुकुडी किंवा विरुदुनगर जिल्ह्यातील खेड्यात. तेथील शेती पावसावर अवलंबून. शाळा अर्धवट सुटलेली. गावातील कोणाच्या तरी ओळखीने चेन्नईतील दुकानात काम मिळते, दुकानाच्याच वसतिगृहात राहण्याची सोय होते आणि महिन्याला काही रक्कम घरी जाऊ लागते. कित्येक घरांतील बहिणींची लग्ने आणि भावंडांची शिक्षणे या रकमेवर झाली आहेत. म्हणून हे काम तुच्छ मानण्याचे कारण नाही. परंतु ते कसे करावे लागते, हे जाणून घेतले पाहिजे. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी यायचे, रात्री दुकान बंद झाल्यावर जायचे आणि मधले दहा-बारा तास उभे राहायचे. गिऱ्हाईक नसले तरी उभेच राहायचे. २०१० मध्ये वसंतबालन यांनी दिग्दर्शित केलेला 'अंगाडि तेरु', म्हणजे बाजाराचा रस्ता, हा तमिळ चित्रपट याच गल्लीतील अशा कामगारांच्या जीवनावर आहे. वसतिगृहातील दाटी, जेवणाची धावपळ आणि वेतनातून होणारी कपात त्यात दाखवलेली आहे. तो पाहून अनेक प्रेक्षकांना प्रथमच जाणवले, की आपण ज्या दुकानात वर्षानुवर्षे जात होतो, तेथील माणसांचे चेहरे आपल्याला आठवत नाहीत.

सतत उभे राहिल्याने शरीरावर काय परिणाम होतो? पायांतील रक्त हृदयाकडे वर चढवण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. आपण चालतो, तेव्हा हे स्नायू आवळतात व सैल होतात आणि रक्त वर ढकलले जाते. एकाच जागी तासन्‌तास उभे राहिले, की हे काम मंदावते, रक्त पायांतच साचते, पाय सुजतात. काही वर्षांनी शिरा फुगून दोरीसारख्या वर येतात व दुखू लागतात. कंबर आणि टाचाही दुखतात. स्वच्छतागृह दूर असेल किंवा तेथे जाण्यास वारंवार परवानगी मिळत नसेल, तर मुली पाणीच कमी पितात आणि मूत्रमार्गाचे विकार मागे लागतात.

गिऱ्हाइकापुढे बसणे म्हणजे त्याचा अनादर, असे या सक्तीचे समर्थन केले जाते. परंतु ही आपली जुनी रीत आहे काय? आपल्याकडील जुने कापडाचे दुकान आठवून पाहावे. पांढऱ्या शुभ्र चादरीची गादी, मागे लोड, दुकानदार मांडी घालून बसलेला, समोर गिऱ्हाईकही बसलेले आणि मध्ये उलगडलेली लुगडी. सराफाची तर पेढीच. तेथे उभ्याने व्यवहार होतच नसे. 'गादीवर बसणे' हा शब्दप्रयोगच धंदा चालवण्याच्या अर्थाने रूढ झाला. दुकानात काउंटर आला, तेव्हा गिऱ्हाइकासाठी पुढे स्टूल ठेवले गेले आणि पलीकडचा माणूस उभा राहिला. म्हणजे विकणाऱ्याने उभेच राहावे, ही फार जुनी मर्यादा नव्हे. ती काउंटरबरोबर आलेली सवय आहे.

जेथून ही सवय आली असे म्हणता येईल, त्या इंग्लंडमध्ये तिच्यावर उपाय १८९९ मध्येच झाला. तेथील संसदेने त्या वर्षी कायदा करून दुकानातील दर तीन स्त्री-कर्मचाऱ्यांमागे किमान एक आसन ठेवणे बंधनकारक केले. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमात उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय असावी, अशी तरतूद होती. पण दुकान म्हणजे कारखाना नव्हे. त्यामुळे दुकानातील कामगाराला तिचा लाभ मिळाला नाही. ही उणीव प्रथम केरळमध्ये ऐरणीवर आली. कोळिकोड शहराच्या 'मिठाई तेरुवु' या बाजाररस्त्यावर शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना एकत्र केले. त्यांची पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती. दुसरी, बसू देण्याची. अनेक वर्षांच्या चळवळीनंतर २०१८ मध्ये केरळने आपल्या दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती केली. त्यानंतर तमिळनाडूत कामगारविषयक सल्लागार मंडळाने २०१९ मध्ये या प्रश्नावर विचार केला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तेथील विधानसभेत दुरुस्तीचे विधेयक मांडले गेले व संमत झाले. १९४७ च्या मूळ कायद्यात '२२-अ' हे कलम नव्याने घालण्यात आले. प्रत्येक आस्थापनेत सर्व कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची योग्य व्यवस्था असावी, म्हणजे कामाच्या ओघात बसण्याची संधी मिळेल तेव्हा त्यांना बसता येईल, असा त्या कलमाचा आशय आहे.

हे कलम नीट वाचले, तर त्याच्या दोन बाजू दिसतात. आसन असणे ही एक बाजू. ती निरीक्षकाला डोळ्यांनी पाहता येते. मिळालेल्या फुरसतीत त्या आसनावर निर्धास्तपणे बसता येणे, ही दुसरी. ती पाहणे अवघड आहे. कायद्यानंतरही कित्येक ठिकाणी आसने अपुरी आहेत किंवा बसलेले पाहून वरिष्ठ रागावतात, अशा तक्रारी पुढे आल्या. येथे गिऱ्हाइकाचाही संबंध येतो. आपण दुकानात शिरताच समोरची मुलगी स्टुलावरून उठली नाही, तर आपल्याला काय वाटते? 'किती उद्धट आहे' असे वाटत असेल, तर तिला उभे ठेवण्यात मालकाइतकाच आपलाही हात आहे. मालक शेवटी गिऱ्हाइकाच्या कपाळावरील आठी पाहूनच नियम ठरवतो.

एक साडी पसंत पडण्यापूर्वी वीस-पंचवीस साड्या उलगडल्या जातात. लग्नघरातील मंडळी आपली साडी घेऊन गल्ल्याकडे वळतात. मागे उरलेल्या साड्यांच्या घड्या पुन्हा जुन्याच मोडीवर घालाव्या लागतात, नाहीतर जर मोडते. काठावर काठ आणि पदर आत ठेवून, आधी दुहेरी आणि मग चौपदरी घडी घातली जाते. हे काम सवयीच्या हाताला काही मिनिटांचेच असते आणि काउंटरच्या उंचीचे स्टूल असेल, तर ते बसूनही तितक्याच चांगल्या रीतीने होते.